शेळ्यांच्या कळपाची सीएई तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळपाचं रक्त घ्यायला गेलं की मालक जे विचारतात, तेच प्रश्न इथे साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नेमके तिथेच घोटाळे होताना पाहिले आहेत.

सीएई म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस. सांधे आणि मेंदू दोन्ही नावातच आले. लेंटिव्हायरस गटातला हा विषाणू. 'लेंटी' म्हणजे संथ. एकदा शिरला की शेळीच्या पांढऱ्या पेशींत, मुख्यतः मोनोसाइटमध्ये, आपला जनुकीय मजकूर तिच्या डीएनएत गुंफून बसतो. शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, पण त्याला हुसकावू शकत नाही. लागण झालेली शेळी जन्मभर लागण झालेलीच राहते. १९७४ साली अमेरिकेत करडांच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार म्हणून याचं वर्णन झालं आणि १९८० साली विषाणू वेगळा करण्यात यश आलं. मेंढ्यांमधला मेडी-व्हिस्ना याचाच भाऊबंद.

माझ्या शेळ्या ठणठणीत आहेत. मग तपासायचं कशाला?

ठणठणीत आहेत म्हणूनच. लागण झालेल्या शेळ्यांपैकी बहुतेकींना आयुष्यभर डोळ्यांना दिसेल असं काहीच होत नाही. त्या चरतात, गाभण राहतात, दूध देतात, आणि त्याच दुधातून विषाणू पुढच्या पिढीला देत राहतात. सांधे सुजलेली शेळी दिसली की मालक फोन करतो. पण तोवर तिच्या आईपासून तिच्या नातीपर्यंत काय काय झालंय ते रक्ताशिवाय कळायला मार्ग नाही. एक लंगडी शेळी दिसते तेव्हा तिच्या मागे न लंगडणाऱ्या बऱ्याच असतात.

दुसरं कारण पैशाचं. बाधित कळपात दूध थोडंथोडं कमी होत जातं, जुन्या शेळ्या लवकर काढाव्या लागतात, करडांची वाढ रेंगाळते. एका दिवसात काही होत नाही, त्यामुळे दोष चाऱ्याला दिला जातो.

लक्षणं दिसलीच तर कशी?

वयानुसार वेगवेगळी. दोन ते सहा महिन्यांच्या करडांत मागचे पाय आधी हलके पडतात, करडू झोकांडतं, मग बसकण मारतं. ताप बहुतेकदा नसतो, डोळे तरतरीत असतात, भूक असते, फक्त उठता येत नाही. हे तसं कमीच दिसतं.

मोठ्या शेळ्यांत पुढच्या पायांचे गुडघे सुजतात. सूज आधी मऊ, पाणी भरल्यासारखी. पुढे घट्ट होत जाते. थंडीत आणि सकाळी उठताना जास्त अवघडते. काही शेळ्या गुडघे टेकून चरायला लागतात आणि गुडघ्यांवर घट्टे पडतात. कधी दोन्ही गुडघे सारखे सुजतात, कधी एकच. वर्षानुवर्षं तसंच चालतं, किंवा काही महिन्यांत जनावर खंगतं.

तिसरं लक्षण कासेचं, आणि सर्वांत जास्त चुकतं ते हेच. शेळी व्याली, कास भरून ताठ दिसते, मालक खूश. धार काढायला बसलं की सडातून जेमतेम वाटीभर. कास हाताला दगडासारखी लागते, पण गरम नाही, लाल नाही, दुधात गाठी नाहीत, दूध अगदी नेहमीच्या रंगाचं. नेहमीच्या कासदाहाला असं नसतं. तरी कासेत प्रतिजैविकाच्या ट्यूब भरल्या जातात आणि फरक पडत नाही, कारण कासेत जंतू नसतातच. विषाणूमुळे आतलं मांस घट्ट झालेलं असतं. काही शेळ्यांची कास काही आठवड्यांनी थोडी सैल होते, पण दूध पुरतं भरून निघत नाही.

याखेरीज फुप्फुसाचा आजार होऊन जुनाट खोकला आणि धाप लागू शकते, आणि भरपूर खाऊनही शेळी वाळत जाते.

गुडघा सुजला म्हणजे सीएईच ना?

नाही. मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू, मार, खुरांची हेळसांड, करडांत नाळेतून शिरलेले जंतू, यांनीही सांधे सुजतात. मागचे पाय गेलेल्या करडात तांब्याची कमतरता, सेलेनियमची कमतरता, मेंदूत शिरणारे लिस्टेरिया जंतू, मणक्यातला गळू हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. उलटही ध्यानात घ्या: बाधित शेळीचा गुडघा दगडावर आपटूनही सुजू शकतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह असला म्हणजे तिचं प्रत्येक दुखणं सीएईचं असं होत नाही.

हा रोग पसरतो कसा?

मुख्य वाट चीक आणि दुधाची. बाधित शेळीच्या चिकात विषाणू बसलेल्या पेशी असतात, आणि करडाच्या आतड्याचं दार पहिल्या दिवशी उघडंच असतं. यात सगळ्यांत घातक रीत म्हणजे सगळ्या शेळ्यांचं दूध एका बादलीत ओतून सगळ्या करडांना पाजणं. आईचं दूध पिणाऱ्या करडाला धोका एका आईचा. बादलीतून पिणाऱ्याला अख्ख्या कळपाचा. करडं चांगली पोसावीत म्हणून मेहनतीने केलेली ही सोय नकळत रोग वाटत राहते.

दुसरी वाट रक्ताची: एकच सुई दहा शेळ्यांना, कानात बिल्ला मारायचा चिमटा, गोंदण्याची सुई, शिंगं काढायचं हत्यार. तिसरी, वर्षानुवर्षं एका गोठ्यात दाटीने राहणं. नाकातोंडातले तुषार आणि धार काढण्याच्या यंत्राचे कप यांतूनही लागण होते. गर्भातच लागण होणं क्वचित घडतं. शेळीच्या शरीराबाहेर हा विषाणू नाजूक असतो, उन्हाने, सुकण्याने आणि साध्या जंतुनाशकांनी मरतो. त्यामुळे गोठा जाळून-पुसून काढण्यापेक्षा सुई बदला.

एलिसा, एजीआयडी, पीसीआर... नेमकी कोणती चाचणी करायची?

कळप तपासायचा असेल तर एलिसा. रक्तातल्या अँटीबॉडी ती शोधते, एका वेळी खूप नमुने चालतात आणि थोड्या अँटीबॉडीही पकडते.

एजीआयडी ही जुनी जेलची चाचणी. काचपट्टीवरच्या किंवा ताटलीतल्या जेलमध्ये एका खड्ड्यात विषाणूचं प्रथिन, शेजारच्या खड्ड्यात शेळीचं सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी). दोन्ही पाझरत एकमेकांना भेटली की मध्ये पांढरी रेघ उमटते. रेघ आली की सहसा खरी असते, पण कमी अँटीबॉडी असलेल्या शेळ्या ती सोडून देते. रेघ वाचायला सरावलेली नजर लागते.

पीसीआर अँटीबॉडीऐवजी विषाणूचा मजकूरच शोधते. ऐकायला ही सर्वांत पक्की वाटते, आणि म्हणून मालक हटकून तीच मागतात. पण बाधित शेळीच्या रक्तात विषाणू असलेल्या पेशी फार थोड्या असतात, शिवाय या विषाणूचे प्रकार एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. त्यामुळे निगेटिव्ह पीसीआरवर विसंबून शेळी स्वच्छ ठरवता येत नाही. जिथे एलिसाचा निकाल अडकला आहे, किंवा लागण ताजी असून अँटीबॉडी तयार व्हायच्या आहेत असा संशय आहे, तिथे ती जोडीला घ्यावी.

कोणत्या वयापासून तपासायचं?

सहा महिन्यांनंतर. त्याआधी करडाच्या रक्तात आईकडून चिकातून आलेल्या अँटीबॉडी फिरत असतात आणि चाचणीला त्या कोणाच्या हे कळत नाही.

यात एक खाच आहे. बाधित आईचा चीक नीट तापवून पाजला तर त्यातला विषाणू मरतो, पण अँटीबॉडी शाबूत राहतात, आणि तापवण्यामागे हेतूही तोच असतो. म्हणजे सगळं अगदी बरोबर केलेलं करडूही तिसऱ्या महिन्यात पॉझिटिव्ह दिसतं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या पाटी (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) विकून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

वर्षातून कधी? गाभण शेळीची चालते का?

सुरुवातीला दर सहा महिन्यांनी, कळप स्वच्छ निघू लागला की वर्षाने. गाभण शेळीचं रक्त घ्यायला हरकत नाही, फक्त व्यायच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे टाळा. त्या काळात रक्तातल्या अँटीबॉडी चिकात उतरतात, रक्तातली पातळी घसरते आणि बाधित शेळी निगेटिव्ह दिसू शकते.

सगळ्यांचीच तपासणी करायची की थोड्यांची करून अंदाज बांधायचा?

तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे त्यावर ते ठरतं. "माझ्या कळपात हा रोग आहे का?" एवढाच प्रश्न असेल तर नमुन्यांवर भागतं. कळप मोठा असेल आणि दहा टक्के शेळ्या बाधित असतील, तर २९ शेळ्या चिठ्ठ्या टाकून निवडल्यास त्यात किमान एक बाधित सापडण्याची शक्यता ९५ टक्के. पाच टक्केच बाधित असतील तर ५९ लागतात, एक टक्का असतील तर २९९. रोग जितका विरळ, तितकं जाळं मोठं.

लहान कळपात हा हिशोब फारसा कामाचा नाही. ४० शेळ्यांमध्ये दोन बाधित असतील तर ९५ टक्के खात्रीने त्यातली एक हाती लागण्यासाठी ३१ तपासाव्या लागतात. मग उरलेल्या नऊ सोडण्यात काय हशील? शिवाय चिठ्ठ्या टाकून निवडणं कागदावरच राहतं. प्रत्यक्षात हाताला लागतात त्या गरीब आणि जवळ उभ्या असलेल्या शेळ्या. आणि रोग घालवायचा असेल तर प्रश्नच नाही, सहा महिन्यांवरचं प्रत्येक जनावर, बोकडासकट.

रक्त कसं घेतात? शेळीला त्रास होतो का?

नीट धरली तर टोचल्याचं फारसं कळतही नाही. शेळीची मागची बाजू भिंतीच्या कोपऱ्यात टेकवायची, म्हणजे तिला मागे सरकता येत नाही. धरणाऱ्याने एक पाय तिच्या छातीपुढे ठेवायचा आणि जबड्याखाली हात घालून मान वर आणि किंचित बाजूला वळवायची. फार वळवली तर शीर दबते आणि सापडत नाही. नवख्यांची चूक इथेच होते. मानेच्या पन्हळीत खालच्या बाजूला अंगठा दाबला की वरची शीर फुगते. बोटाने टिचकी मारली तर अंगठ्याला लाट जाणवते. केस दाट असतील तर थोडे कातरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, सुई शिरेच्या रेषेत तिरपी घालायची. तीन ते पाच मिली पुरे. सुई काढल्यावर मिनिटभर दाबून धरायचं, नाहीतर कातडीखाली गाठ येते.

प्रत्येक शेळीला नवी सुई. एका कळपात घाईघाईत तीच सुई पुढे वापरताना पाहिलं आणि रोग शोधायला आलेला माणूसच तो वाटत चाललाय असं झालं.

एलिसासाठी साध्या लाल टोपणाच्या नळीत घ्या, पीसीआरसाठी ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या. लाल नळी हलवायची नाही. सावलीत उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग थंड डब्यात. डबा थंड हवा, पण नळीचा बर्फाशी थेट संबंध नको: आख्खं रक्त गोठवलं की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि नमुना वाया जातो. सीरम वेगळं काढल्यावर मात्र ते गोठवून ठेवता येतं. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक जागेवरच लिहायचा. "ही काळी, ती कानफाटी" हे घरी जाईपर्यंत लक्षात राहत नाही.

रक्ताऐवजी दुधावर चाचणी होते का?

होते. एकेका शेळीच्या दुधावर एलिसा करता येते आणि दुभत्या कळपाला ती सोयीची पडते. टाकीतल्या एकत्र दुधाचीही करतात, पण तिचा उपयोग कळपावर नजर ठेवण्यापुरता: पॉझिटिव्ह आली तर रोग आहे असं धरून पुढे जावं, निगेटिव्ह आली तर एखाददुसरी बाधित शेळी त्यात विरघळून गेलेली असू शकते. शिवाय बोकड आणि पाटी दूध देत नाहीत.

पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटा असू शकतो का?

असू शकतो, आणि कधी असतो हे समजणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. समजुतीसाठी धरा की आपली चाचणी १०० बाधितांपैकी ९५ पकडते आणि १०० निरोगींपैकी ९८ना निरोगी म्हणते. चांगलीच म्हणायची.

आता पहिला कळप: १०० शेळ्या, त्यातल्या ५० बाधित. चाचणी ४७-४८ बाधित पकडेल आणि निरोगींतली एखादी चुकून पॉझिटिव्ह दाखवेल. इथे पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्हच.

दुसरीकडे १००० शेळ्या, त्यातल्या फक्त १० बाधित. चाचणी ९-१० बाधित पकडेल, पण ९९० निरोगींतल्या सुमारे २० जणींनाही पॉझिटिव्ह ठरवेल. रिपोर्टवर ३० नावं आणि त्यातल्या २० निर्दोष! चाचणी तीच, लॅब तीच. फक्त कळप बदलला आणि रिपोर्टचा अर्थ उलटा झाला.

म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेल्या, आधी स्वच्छ निघालेल्या कळपात एकटी-दुकटी पॉझिटिव्ह आली तर लगेच बाजारात नेऊ नका. तिला वेगळं बांधा, दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने पुन्हा पाहा, सहा-आठ आठवड्यांनी नवं रक्त घ्या. उलट, जिथे निम्म्या शेळ्या पॉझिटिव्ह आल्या तिथे "माझी लाडकी तेवढी खोटी पॉझिटिव्ह असेल" अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

रिपोर्टवर 'संशयास्पद' लिहून आलंय. त्याचा अर्थ?

एलिसात रंग किती गडद झाला यावरून आकडा निघतो. ठरलेल्या रेषेच्या वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह, आणि मधल्या पट्ट्यात सापडली की संशयास्पद. लॅबकडून आकडाही मागून घ्या. नुसता शब्द घेऊन परत येऊ नका. पुढच्या वेळी तोच आकडा चढला असेल तर लागण ताजी होती असं समजायचं, उतरला असेल तर बहुधा काही नव्हतं. तोवर तिला पॉझिटिव्हसारखं वागवा.

सगळ्या निगेटिव्ह आल्या! आता सुटलो ना?

एका फेरीने नाही. लागण झाल्यापासून अँटीबॉडी दिसेपर्यंत काही आठवड्यांपासून कित्येक महिने जाऊ शकतात. आज निगेटिव्ह आलेली शेळी गेल्या महिन्यात बाधित झालेली असू शकते. सहा महिन्यांच्या अंतराने लागोपाठ दोन-तीन फेऱ्या स्वच्छ निघाल्या आणि मधल्या काळात बाहेरचं जनावर आलं नाही, तर कळपावर भरवसा ठेवायला जागा आहे. एकट्या शेळीच्या एका निगेटिव्ह रिपोर्टपेक्षा ती ज्या कळपातून आली त्या कळपाचा इतिहास मला जास्त काही सांगतो.

पॉझिटिव्ह शेळीचं काय करायचं?

हा प्रश्न रक्त घेण्याआधी विचारा. रिपोर्ट हातात आल्यावर विचारला की निर्णय रागात नाहीतर मायेत होतो. मार्ग तीन आहेत.

पॉझिटिव्ह थोड्या असतील तर काढून टाकणं सर्वांत सोपं. पण काढून टाकणं म्हणजे न सांगता दुसऱ्याच्या कळपात विकणं नव्हे. बरेच कळप असेच बाधित झालेले आहेत.

पॉझिटिव्ह बऱ्याच असतील, किंवा शेळी उत्तम दुधाची असेल, तर दोन कळप करा. मधे भरीव भिंत किंवा काही मीटरचं अंतर. नाकाला नाक लागेल अशी जाळी चालत नाही. गव्हाण वेगळी, पाणी वेगळं, सुया-चिमटे वेगळे. धार काढताना आधी निगेटिव्ह, सगळ्यांत शेवटी पॉझिटिव्ह. करडं मात्र जन्मताच बाजूला. चार-पाच वर्षांत जुन्या आपोआप वयाने निघून जातात आणि मागे स्वच्छ कळप उरतो.

तिसरा मार्ग काहीच न करण्याचा. तोही निर्णय आहे, पण मग तपासणीवर खर्च कशाला करायचा?

बाधित शेळीची करडं वाचवता येतात का?

येतात, आणि कळप स्वच्छ करण्याचं खरं काम इथेच होतं. करडू बाहेर पडताक्षणी उचलायचं, आईने चाटायच्या आत. स्वच्छ फडक्याने कोरडं करायचं, नाळेला आयोडीन, आणि आईला दिसणार-ऐकू येणार नाही अशा जागी न्यायचं. यासाठी रात्री जागावं लागतं. आईचं ओरडणं ऐकवत नाही, हेही खरं.

पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात करडाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के. तीन किलोच्या करडाला ३०० मिली, तीन-चार वेळांत विभागून. हा चीक निगेटिव्ह शेळीचा असावा किंवा तापवलेला.

तापवण्याची रीत नीट पाळा. ५६ अंश सेल्सिअसवर पूर्ण एक तास. थेट आचेवर कधीच नाही. मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात चिकाचं भांडं ठेवून, सतत ढवळत. ६० अंश ओलांडले की चीक खरवसासारखा घट्ट होतो, अँटीबॉडी मरतात आणि करडाला नुसतं दूध पाजल्यासारखं होतं. तासभर थर्मामीटरकडे बघत बसायचा कंटाळा असेल तर थर्मास वापरा: आधी त्यात कडकडीत पाणी घालून तो तापवा, पाणी ओता, ५७-५८ अंशांपर्यंत आलेला चीक आत घालून झाकण लावा. तासाने उघडून पुन्हा मोजा. ५६च्या खाली गेला असेल तर तो तास धरायचा नाही. थर्मामीटरही आधी तपासून घ्या. दोन अंश खोटं बोलणाऱ्या थर्मामीटरने एका मालकाचं सगळं हंगामभराचं जागरण पाण्यात गेलं होतं.

विण्याच्या हंगामाआधीच चीक तापवून, लहान बाटल्यांत भरून गोठवून ठेवला तर मध्यरात्री धांदल होत नाही. वितळवताना कोमट पाणी, उकळतं नाही.

चिकानंतरचं दूध निगेटिव्ह शेळीचं, किंवा पाश्चरीकरण केलेलं (७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास), किंवा दूध पावडर. गाईचा चीकही चालतो, पण ज्या कळपात जोन्सचा रोग (आतड्यांचा जुनाट जिवाणू-रोग) आहे त्यातल्या गाईचा नको, नाहीतर एक रोग टाळताना दुसरा घरात घ्याल.

माणसाला होतो का? दूध प्यावं का?

माणसाला हा रोग होत नाही. दूध नेहमीसारखं उकळूनच प्यावं, पण त्याचं कारण दुधातून माणसाला होणारे ब्रुसेलासारखे जिवाणू, सीएई नव्हे.

लस किंवा औषध आहे?

नाही. दुखणाऱ्या सांध्यांवर वेदनाशामक, मऊ अंथरूण आणि नियमित खुरं कापणं, इतकंच. "रक्त निगेटिव्ह करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शेळ्यांबरोबर मेंढ्याही आहेत. त्यांनाही तपासायचं?

हो. एकेकाळी शेळीचा विषाणू वेगळा आणि मेंढीचा वेगळा मानत. आता दोन्ही एकाच कुळातले आणि एकमेकांत जा-ये करणारे ठरले आहेत. शेळ्या स्वच्छ करून शेजारच्या बाधित मेंढ्यांना त्याच गोठ्यात ठेवलं तर केलेलं काम वाया. लॅबला नमुने पाठवताना प्राणी कोणता ते लिहा.

बोकडाचं काय? तो कुठे दूध पाजतो!

पाजत नाही, पण गावभर फिरतो. बाधित बोकडाच्या वीर्यात विषाणू सापडतो. समागमातून लागण कमी होते, पण होत नाही असं नाही. शिवाय तो महिनाभर कळपात राहतो, तोंडाला तोंड लावतो. रेतनासाठी बाहेरून आणलेला बोकड तपासूनच आत घ्या, आणि आपला बाहेर देऊ नका.

नवी शेळी विकत घेताना?

आधी विकणाऱ्याच्या कळपाचे रिपोर्ट मागा. मग शेळीचं रक्त, निगेटिव्ह आली तरी वेगळी ठेवून, सहा महिन्यांनी पुन्हा. सहा महिने वेगळं ठेवणं फार वाटतं, पण या विषाणूपुढे आठ-पंधरा दिवसांच्या विलगीकरणाला काही अर्थ नाही; ते पीपीआरसारख्या (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) झटपट रोगांसाठी.

त्याच रक्तात आणखी काही तपासून घ्यावं का?

जोन्सचा रोग आणि ब्रुसेलोसिस. गाठींचा जुनाट रोग असेल तर तोही. हे तिन्ही जिवाणूंचे, पण तेही असेच चोरपावलांनी कळपात शिरतात. नळी एकच, शेळी एकदाच धरावी लागते.

हा रोग खरंच घालवता येतो? कोणी घालवलाय?

मेंढ्यांच्या भाऊबंदाची गोष्ट आधी. आइसलँडने १९३३ साली जर्मनीतून काराकुल जातीच्या मेंढ्या आणल्या, दिसायला निरोगी. त्यांच्याबरोबर मेडी-व्हिस्ना आला. मेडी म्हणजे त्यांच्या भाषेत धाप आणि व्हिस्ना म्हणजे खंगणं. रोग ओळखेपर्यंत तो पसरला होता. शेवटी भागच्या भाग मेंढ्या कापून रिकामे करावे लागले आणि १९६०च्या दशकात देश त्यातून मोकळा झाला. संथ विषाणू ही कल्पनाच आइसलँडच्या या अनुभवातून पुढे आली.

शेळ्यांत स्वित्झर्लंडने १९८०च्या दशकापासून तपासणी आणि छाटणीचा रेटा लावून देशातल्या निम्म्याहून जास्त शेळ्या बाधित होत्या, ते प्रमाण अगदी थोड्यांवर आणलं. नंतर तिथे काही पॉझिटिव्ह उरल्या त्यांत बऱ्याचदा मेडी-व्हिस्नाच्या अंगाचे, फारसा त्रास न देणारे प्रकार निघाले. नॉर्वेने २००१ पासून सीएई, जोन्स आणि गाठींचा रोग असे तिन्ही एकत्र धरले, आणि तिथला कणा जन्मताच करडू उचलण्याचाच होता.

सगळं नीट केलं, तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या, आणि आता एक पॉझिटिव्ह आली. कुठून?

आधी तिची पुन्हा चाचणी, वर सांगितल्याप्रमाणे. ती पक्की निघाली तर नोंदवही काढा. बाहेरचा बोकड, प्रदर्शनात शेजारी बांधलेली शेळी, उसनं आणलेलं शिंगं काढायचं हत्यार, कुंपणातून चोरून दूध पिणारं करडू, यांतलं एक काही तरी सापडतंच.

मला असा एक कळप आठवतो. दीड वर्षाची पाट पॉझिटिव्ह निघाली. मालकाने शपथेवर सांगितलं की तिला तापवलेल्या चिकाखेरीज काही मिळालेलं नाही. चीक तापवल्याच्या नोंदी खरंच चोख होत्या, तारीख, वेळ, अंश सगळं. मग आम्ही तिच्या जन्माचं पान उघडलं. तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: "पहाटे व्याली असावी. सहाला पाहिलं. करडू कोरडं, उभं, पोट भरलेलं."